घासून बसवलेली रॅम

नाना, तुमची बारीक कानस अजून माझ्याकडे आहे. पुण्यातल्या घरी, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असते. लाकडी मूठ तशीच, तुमच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. तुम्ही होता तेव्हा एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. खरं तर ती तुम्हाला कळलेली होती, आणि तुम्हाला कळलंय हे मला कळलेलं होतं. बाप-लेकीनं मिळून झाकलेली मूठ ती. पण गेल्या आठवड्यात मी आपल्या गावच्या शाळेत जाऊन आले, आणि तिथं जे झालं ते काही केल्या मनातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आधी सरळ सांगून टाकते, नाहीतर मी गोल गोल फिरत राहीन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या कम्प्युटरच्या खोलीत त्या दिवशी धूर झाला तो तुमच्या अर्थिंगमुळे नाही. मी चुकीची रॅम आणली होती. ती बसेना, म्हणून तुमच्याच कानशीनं घासून बसवली. कम्प्युटरचा बोर्ड जळाला, लोक धावत आले, आणि मी सगळ्यांच्या देखत तुमच्या कामाकडे बोट दाखवलं. झालं एवढंच. लिहायला चार ओळी लागल्या आणि तोंडाला वीस वर्षांत जमलं नाही.

लहानपणी तुम्ही मला लेण्याद्री दाखवतो म्हणून घरातून काढायचात. पठारावरून आळेफाटा, तिथं एसटी बदलून जुन्नर, आणि मग सगळा दिवस जायचा तो चाचांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, कारण गावातल्या मोटारी आणि वायरिंग तुमच्याकडे. लेण्याद्रीच्या पायऱ्या मी लग्नानंतर पाहिल्या. दुकानात पाऊल टाकलं की चाचा गल्ल्यावरूनच ओरडायचे, "आओ नाना! आज कुनाची मयत आनली?" तुम्ही हसत पिशवीतनं वर्तमानपत्राची पुडी काढायचात आणि काउंटरवर उलगडायचात. झिजलेलं बेरिंग, मोटरमधून काढलेली जळकी तार, तडा गेलेला स्विच. प्रत्येक वस्तूशेजारी चाचा नवी वस्तू ठेवायचे, तुम्ही दोन्ही हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन, नखानं चाचपून बघायचात. माझा जीव कंटाळून जायचा. एकदा मी म्हटलं, नंबर सांगितला की झालं, हे ओझं कशाला आणायचं? तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुकानात तोंड न्यायचं न्हाई पोरी, नमुना न्यायचा. तोंड इसरतं, तोंड मोठेपना करतं. नमुना खोटं बोलत न्हाई." चाचांनी मान डोलावली आणि मला खडीसाखर दिली. मला त्यातली खडीसाखर तेवढी लक्षात राहिली.

मग मी पुण्यात हार्डवेअरच्या कोर्सला गेले. गावात केवढी चर्चा! पारावर कुणीतरी म्हणालं, "हार्डवेअर म्हंजी पोरगी खिळंमोळं इकनार का काय?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण मग म्हणालात, "कम्प्युटर उघडून परत बंद करनारी पंचक्रोशीत येकच हाय, आन ती माझी पोर हाय." मोठ्या काकांनी स्थळ आणलं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत. पोरीच्या जातीला स्क्रू-पाना कशाला, असं घरात ऐकवलं गेलं, ते तुम्ही एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलंत. हे सगळं आई मला फोनवर सांगायची. मला अभिमान वाटायचा आणि धास्तीही. एवढा बाप उभा राहिलाय म्हटल्यावर मला चुकायची सोय राहिली नव्हती. निदान मला तसं वाटायचं. तुम्ही तसं कधीच म्हटलं नव्हतं.

मंचरला बटाट्याच्या धंद्यात नाव काढलेल्या, आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं तीन कम्प्युटरचे सुटे भाग शाळेला दिले. खोकी येऊन पडली. मेमरी, म्हणजे ती रॅम, तेवढी त्यात नव्हती. हेडसरांनी तुम्हाला बोलावलं, "नाना, खोलीचं वायरिंग आणि अर्थिंग तुमच्याकडे, आणि जोडणी तुमच्या मुलीकडे. मेमरीसुद्धा तीच आणील." तुम्ही ते इतक्यांदा इतक्यांना सांगितलंत, की पुढच्या वेळी मी एसटीतून उतरले तेव्हा कंडक्टरनंही विचारलं, कम्प्युटर कधी लावताय म्हणून. एकच काम बापाला आणि लेकीला मिळालेलं, याचं तुम्हाला कोण कौतुक होतं.

तुमचा तो अर्थिंगचा खड्डा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. पठाराची जमीन, वर वीतभर माती आणि खाली खडक. तुम्ही पहार घेऊन चार दिवस खणत होता. तांब्याची प्लेट उभी केलीत, भोवती मीठ आणि कोळशाचे थर दिलेत, वर पाइप आणि नरसाळं. अर्थिंगला ओल लागते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात माणसांना प्यायला टँकर यायचा. खड्ड्यात हंडाभर पाणी ओतलं असतं तर बायकांनी तुम्हाला फाडून खाल्लं असतं. म्हणून तुम्ही खड्डा मुद्दाम नळाच्या मोरीखाली घेतलात. मुलं खिचडी खाऊन ताटल्या विसळतील, ते पाणी आपोआप खाली मुरेल. "पोरं जेवत्यात तवर अर्थिंगला मरान न्हाई," असं म्हणालात. मग वायरीला जोडलेला दोनशे वॅटचा बल्ब आणलात, एक टोक फेजला आणि एक टोक त्या अर्थिंगला लावलंत. बल्ब लख्ख लागला. शिपाई, मास्तर, मुलं, सगळ्यांनी पाहिला. चांगल्या अर्थिंगची तुमची परीक्षा तीच होती, आणि तुम्ही ती चारचौघांत दिली होती.

मी मेमरी आणायला पुण्याला निघाले त्या दिवशी तुम्ही एक बोर्ड टॉवेलात गुंडाळून माझ्या पुढ्यात ठेवलात. "संगं घेऊन जा. दुकानातच बशिवून बघ." हेडसर तिथंच बसलेले, दोन मास्तरही होते. मला वाटलं, हे काय खेडवळ! मी म्हणाले, "नाना, हे काय पंपाचं बेरिंग आहे का? तुम्हाला यातलं काय कळतं?" मास्तर खाली बघून हसले. तुम्ही टॉवेल सोडवलात, बोर्ड परत खोक्यात ठेवलात आणि म्हणालात, "बरं बरं. तू शिकल्याली हायेस." त्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागतं. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा तुम्हाला समजावून सांगितलं नाही, ते आता सांगते. रॅम म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या लांबीची, दोन बोटं रुंद हिरवी पट्टी. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, आणि त्या रांगेत खाच असते. बोर्डावरच्या खोबणीत तेवढ्याच जागी उंचवटा असतो. खाच आणि उंचवटा जुळला तरच पट्टी आत बसते. भलत्या जातीची पट्टी कुणी बसवू नये म्हणूनच ती खाच ठेवलेली असते. त्या वर्षांत बाजारात दोन जाती होत्या. जुनी एसडी, तिला दोन खाचा. नवी डीडीआर, तिला एक. आमच्या क्लासमधली सगळी मशीनं जुनी, मी शिकले ती जुन्यावर. मंचरहून आलेले बोर्ड नवे होते. बघा, तुमच्या बेरिंगसारखंच होतं हो सगळं. नमुना शेजारी ठेवला असता तर आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं.

पुण्यातलं ते दुकान अरुंद जिन्यावर होतं. काउंटरला गर्दी, सगळे पुरुष. विक्रेत्यानं विचारलं, "मॅडम, एसडी पाहिजे का डीडीआर? बोर्ड कुठला आहे?" दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बोर्ड कुठला आहे हे मी खोक्यावर वाचलंही नव्हतं. मला म्हणता आलं असतं, थांबा, गावी फोन करून विचारते. शाळेत फोन होता, हेडसरांनी तुम्हाला हाक मारली असती, तुम्ही खोक्यावरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली असती. पण मी ठसक्यात म्हणाले, "एसडीच. आम्ही तीच वापरतो." तो म्हणाला, "बोर्डाचं नाव सांगता का, मी बघून देतो." मी म्हणाले, "मला माहीत आहे." तोंड मोठेपणा करतं, असं तुम्ही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, आणि आदल्या दुपारी मी शाळेच्या त्या खोलीत एकटी. खिडकीतून ऊन आलेलं, टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पहिला बोर्ड. पट्टी खोबणीवर ठेवली, बसेना. उलटी करून पाहिली, बसेना. मग वाकून पाहिलं. पट्टीला दोन खाचा, खोबणीत एकच उंचवटा, आणि तोही भलत्याच जागी. पुण्याला परत जायला तीनची गाडी मिळाली असती. हेडसरांकडे जाऊन म्हणायचं, चुकीची आणली, सर. तीन शब्द. उद्घाटन चार दिवसांनी झालं असतं, आभाळ कोसळलं नसतं. पण मला दिसत होता पार, पारावरची माणसं, स्थळ परत गेलेले काका, खाली बघून हसणारे मास्तर. तुम्ही शिपायाबरोबर चहाला गेला होता. तुमची हत्यारांची पिशवी दाराच्या खिळ्याला होती. मी बारीक कानस काढली आणि जिथं उंचवटा होता तिथं पट्टीला नवी खाच पाडली. दोन-तीन सोनेरी दात गेले. वर्तमानपत्रावर हिरवा भुगा पडला, तो मी फुंकून टाकला. पट्टी आत गेली. बाजूचे चाप नीट लागले नाहीत, ते अंगठ्यानं दाबले. वाटलं, बसली म्हणजे चालेल. शिकलेल्या मुलीनं असं वाटून घेतलं.

बटण दाबल्यावर आधी वास आला. मग खोबणीपाशी धुराची बारीक रेघ, आणि चट् असा आवाज. मी किंचाळले असणार, कारण सगळे आलेच. सर्वांत आधी तुम्ही, आणि येताक्षणी मेन स्विच खाली पाडलात. हेडसरांनी विचारलं, "काय झालं गं?" नाना, मी विचारही केला नाही. ते उत्तर जणू तयारच होतं माझ्या तोंडात. "अर्थिंग बरोबर नाही, सर. इथली जमीन कोरडी आहे. करंट बोर्डात उतरला." मग कुणीतरी म्हणालं, "खरं हाय, पठाराव कुठली लागतीय अर्थिंग." लगेच दुसऱ्यानं री ओढली. कम्प्युटरवालीनंच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

तुम्ही पिशवीतून तो दोनशेचा बल्ब काढलात. वायर उलगडायला लागलात. मला कळलं, आता हे पुन्हा बल्ब लावून दाखवणार आणि मी उघडी पडणार. वायर उलगडता उलगडता तुमची नजर टेबलावर गेली. कानस तिथंच पडली होती, मी परत पिशवीत टाकायला विसरले होते. तुम्ही ती उचललीत. अंगठा फिरवून पाहिलात, आणि अंगठा हिरवा झाला. मग माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. लहानपणी मला ताप आला की बघायचात, तसं. आणि तुम्ही ती उलगडलेली वायर पुन्हा बल्बभोवती गुंडाळायला लागलात, एक एक वेढा, सावकाश. हेडसरांना म्हणालात, "आसंल सर. जमीनच वंगाळ हाय. मी परत खांदतो." मी श्वास सोडला. त्या क्षणी मला लाज वाटली नाही, बरं वाटलं. लाज नंतर आली आणि मग गेली नाही.

बाकीचे दोन कम्प्युटर मी लावलेच नाहीत. लावणार कुठून, त्यांनाही तीच पट्टी बसत नव्हती. सांगितलं, अर्थिंग नीट झाल्याशिवाय हात लावायचा नाही. उद्घाटन झालं ते बंद कम्प्युटरला हार घालून. पाहुण्यांनी नारळ फोडला, मुलं टाचा उंचावून काळा पडदा बघत राहिली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून मागे भिंतीशी उभे होता. मी पुढं खुर्चीवर होते. पाहुणे भाषणात म्हणाले की खेड्यात तंत्रज्ञान आणायचं तर जुन्या पद्धती बदलाव्या लागतील, आणि टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, नाना.

मग तुम्ही शाळेच्या मागं दुसरा खड्डा घेतलात, पहिल्यापेक्षा खोल. त्या जागी मोरी नव्हती, म्हणून आपल्या विहिरीच्या तळाचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवरून नेऊन घालत होता. आई फोनवर चिडून सांगायची, "डोकं फिरलंय ह्यांचं. घरच्या तुळशीला पानी न्हाई आन दगडाला पाजत्यात." मी फोनवर हं हं करत राहायचे. तीन आठवड्यांनी मी योग्य मेमरी घेऊन आले. या वेळी बोर्ड टॉवेलात गुंडाळून सोबत नेला होता, कुणाला न सांगता. मंचरहून जळक्याच्या जागी नवा बोर्डही आला होता. तिन्ही कम्प्युटर चालू झाले. हेडसर सगळ्यांना म्हणाले, "बघा, नानांनी अर्थिंग सुधारली आणि लगेच चालले." माझं खोटं तुमच्या घामानं खरं ठरलं. कुठल्या चोराला असा साक्षीदार मिळत नाही.

तुमच्या नावाला मात्र तेव्हापासून ते चिकटलं. कुठं फ्यूज उडाला, कुठं लाइट गेली, की कुणी ना कुणी म्हणणार, "काय नाना, अर्थिंग हाय ना?" चुलतबहिणीच्या लग्नात मांडवात माइक खरखरला, तर वाढप्यांनीही तेच ओरडून घेतलं. अख्खी पंगत हसली. तुम्हीही हसलात, "हाय, हाय, मीठ घातलंया" म्हणालात. मी जिलेबी वाढत होते, तशीच पुढच्या पानाकडे सरकले. गमतीपर्यंत ठीक होतं. पण मग गिरणीवाल्यानं मोटरचं काम आळेफाट्याच्या माणसाला दिलं. आणि देवळाच्या यात्रेचं लायटिंग, जे मला कळतंय तेव्हापासून तुमचंच होतं, तेही त्या वर्षी दुसऱ्याकडे गेलं. त्या यात्रेत तुम्ही पहिल्यांदा पंगतीला वेळेवर बसलात. आमटी-भाकरी खाताना तुमची नजर वरच्या माळांवर होती. एक माळ लुकलुकत होती. तुम्ही उठला नाहीत. ते मी शेजारून पाहत होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. वीस माणसं पंगतीत होती, उभं राहून सांगायला हवं होतं.

त्या वर्षीची खंडेनवमी आठवते? तुम्ही दरवर्षीप्रमाणं हत्यारं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडली. पक्कड, पाने, हातोडी, टेस्टर, सगळं लखलखीत. बारीक कानस तेवढी तशीच, दातांत हिरवं भरलेलं. तुम्ही तिला हळद-कुंकू लावलंत, आणि माझ्या हातात दिलीत. "ही तू ठेव. माझ्या कामाला आता बारीक लागत न्हाई." मग म्हणालात, "वस्तू बसंना झाली की मानूस कानस हुडकतो. मीबी हुडकली व्हती. तुझा जन्म व्हायच्या आधी, येका पंपाच्या बेरिंगची रिंग घासून बशिवली. मोटार जाम झाली. मालकाला सांगितलं, हिरीतली रेती गेली. लई वर्सं टोचलं बघ ते. मग येक दिस जाऊन सांगून आलो. त्यो हसला नुसता." एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. दार सताड उघडून बाजूला उभं राहावं, तसे. आणि मी काय म्हणाले? "हो का," म्हणाले. "आई, पुरणाचं झालं का गं?" म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं ते तारेच्या ब्रशनं कानस घासून काढली. दातातला हिरवा कण न् कण. तुम्ही दिलेली वस्तू ठेवली आणि त्यातली खूण पुसली.

पुढं पाच-सहा वर्षं मिळाली होती मला. अगदी शेवटी मंचरच्या दवाखान्यात मी दहा दिवस तुमच्या उशाशी होते. तुम्हाला बोलताना धाप लागायची, तरी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बोट करून म्हणालात, "हितं अर्थिंग न्हाई बघ. कम्प्युटर आनू नगंस." आणि हसलात, खोकला येईपर्यंत हसलात. मी पाणी दिलं. ओठांवर आलं होतं, नाना. तेवढ्यात नर्स आली. ती निघून गेल्यावर पुष्कळ वेळ होता, पण मी नर्स आली होती हेच कारण धरून बसले.

आता माझ्या हाताखाली शिकाऊ मुलंमुली येतात. पहिल्याच दिवशी सांगते, मेमरी घ्यायला जाताना तोंड नेऊ नका, बोर्ड न्या. वाक्य तुमचं, पण तुमचं म्हणून सांगत नाही. आणि सगळे कंटाळले की रॅम कानशीनं घासून बसवल्याची गोष्ट सांगते, "आमच्या बॅचला एक मुलगा होता" अशी सुरुवात करून. पोट धरून हसतात. धूर झाला इथं मी गोष्ट थांबवते. पुढं कुणाचं काय झालं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्याचं सांगायचंय. शाळेत आता नवीन इमारत होते आहे. कम्प्युटर कुठले घ्यावेत, हे विचारायला मला बोलावलं होतं. हेडसर कधीच निवृत्त झालेत, आता काठी टेकत येतात, पण आले होते. नवीन वायरमन, नारायणगावचा कुणी तरणा माणूस, जुन्या अर्थिंग तपासत होता. शाळेच्या मागच्या, तुमच्या दुसऱ्या खड्ड्यावर मीटर लावून म्हणाला, "ही कोरडी पडलीया." मग मोरीखालचा, तुमचा पहिला. मुलं आजही तिथंच ताटल्या विसळतात. त्यानं मीटर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पिशवीतून वायरीला जोडलेला बल्ब काढला. बल्ब लख्ख लागला, भर उन्हातही दिसेल इतका. तो म्हणाला, "लई जीव लावून केल्याली हाय राव ही. कुनी केली? आन ही आशी आसताना दुसरी कशाला खांदली?" सर म्हणाले, "हिच्या वडलांनी. पण ही तेव्हा बिघडली होती ना..." मग त्यांनी बल्बाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळले. "काय गं, तेव्हा नक्की झालं काय होतं?" आवाजात संशय नव्हता. म्हाताऱ्या माणसाला जुन्या गोष्टीचं वाटतं तेवढंच कुतूहल. बाप गेलेला, नोकरी माझी पक्की, स्थळं परत पाठवायचे दिवस कधीच सरलेले. कुणी मला काही करणार नव्हतं. आणि मी म्हणाले, "आता आठवत नाही, सर."

हे पत्र खरं तर सरांना द्यायला हवं. त्यांनी ते पारावर नेऊन वाचलं तर तुमचं नाव तुम्हाला परत मिळेल, "अर्थिंग हाय ना" म्हणणारे अजून दोघे-चौघे जिवंत आहेत. पाकीट आणलंय. त्यावर पत्ता लिहायला दोनदा पेन उचललं, दोन्ही वेळा खाली ठेवलं. बहुतेक हे खणातच जाईल, कानशीच्या खाली. आणि एक राहिलं, तेही सांगते. तो बल्ब लागला तेव्हा मला आधी तुमची आठवण आली नाही, नाना. आधी मी मागे वळून पाहिलं, अजून कोण कोण ऐकतंय ते.